विंचवाचे विष आणि सोडियमचे दार

छात्रांनो, शिबिरात बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत, हा नियम आपण सर्वजण पाळतो. त्यामागचे विज्ञान आज समजून घेऊ.

मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. आवरणावरील विद्युत्दाब बदलला की वाहिनीचे दार उघडते, सोडियमचे आयन आत शिरतात आणि संदेश पुढे सरकतो. साधारण एक सहस्रांश सेकंदात हे दार आपोआप बंद होते. ते बंद होणे उघडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कोकणातील लाल विंचवाच्या विषातील लहान प्रथिने वाहिनीला बाहेरून चिकटतात व दार लवकर बंद होऊ देत नाहीत. फुगा माशातील टेट्रोडोटॉक्सिन हे विष याच्या उलट वागते. ते दारच बुजवते, म्हणून संदेश थांबतो आणि स्नायू लुळे पडतात. विंचवाच्या विषाने मात्र मज्जातंतू पुन्हापुन्हा संदेश सोडत राहतात. ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते.

१९७० च्या दशकात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू जवळून पाहिले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांची बारकाईने नोंद केली. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. हे औषध सोडियमचे दार बंद करत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. या उपचारानंतर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

लक्षात ठेवा : वेदना कमी म्हणजे धोका कमी, असे नाही. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हे आहेत. जखम कापू नका, आवळून बांधू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. सोबत्याला धीर द्या, ताबडतोब प्रशिक्षकांना कळवा व त्याला रुग्णालयात पोहोचवा.

स्वाध्याय
१. लाल विंचू व फुगा मासा यांच्या विषांचा सोडियम वाहिनीवरील परिणाम कसा वेगळा आहे?
२. प्राझोसिन वाहिनीचे दार बंद करत नाही, तरी रुग्ण का वाचतो?