अपलाइन, डाउनलाइन आणि हार्बर लाइन

मी फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे आणि नवीन पनवेलच्या घरून एका डायरेक्ट सेलिंग कंपनीचा माल विकते: डबे, बाटल्या, थोडा साबण-शाम्पू. ‘नोकरी सांभाळून तुला हे जमतं कसं?’ असं विचारणाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात. एकीला स्वतः सुरू करायचं असतं, दुसरीला मी किती दमलेय ते बघायचं असतं. हे पहिलीसाठी. वेळेचं कसंतरी बसवता येतं. खरी कसरत माणसं सांभाळण्याची आहे.

1. पगार चालू आहे तोवर कुणाच्या गळ्यात पडायचं नाही

या धंद्याला दुकान लागत नाही, गाळ्याचं भाडं नाही, म्हणून भांडवल कमी असं सांगतात. भांडवल लागतं, फक्त ते पैशांचं नसतं. आपली ओळख, शेजार, नाती, मुलांच्या शाळेच्या गेटवरच्या गप्पा, हे सगळं आपण त्यात घालत असतो. पाचशेच्या डब्यामागे शंभर-सव्वाशे सुटणार, आणि तेवढ्यासाठी समोरच्या वहिनी मला लांबून बघून जिना बदलायला लागल्या तर तो सौदा फार महाग पडला.

घराचा हप्ता आणि मुलाची फी पगारातून जाते. त्यामुळे कुणी ‘पुढच्या महिन्यात बघू हं’ म्हटलं की मी खरंच पुढच्या महिन्यापर्यंत थांबू शकते. ज्यांची चूल याच कमिशनवर पेटते त्यांना ही चैन परवडत नाही. त्यांचा फोन दर आठवड्याला जातो आणि मग कुणी उचलत नाही. नोकरी सोडून ‘फुल टाइम’ व्हा, असा आग्रह डायरेक्ट सेलिंगवाल्यांच्या मीटिंगमध्ये होतो तेव्हा मी चहा संपवते आणि गप्प बसते.

2. दोन क्लोजिंग एकाच आठवड्यात येतात

ऑफिसात महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी आणि शेवटी पगारपत्रकं. डायरेक्ट सेलिंगवाल्यांचे पॉइंट मोजले जातात तेही महिनाअखेरीलाच. म्हणजे ज्या संध्याकाळी बँक रिकन्सिलिएशन जुळत नसतं त्याच संध्याकाळी मला या धंद्यात जोडणाऱ्या अपलाइन मॅडमचा फोन: ‘अगं, थोडेच पॉइंट कमी पडतायत, लेव्हल जाईल तुझी.’

यावरचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत असतो: स्वतःच माल उचलायचा. मी तेव्हा कॅल्क्युलेटर काढते. समजा वरचा स्लॅब गाठून साडेचारशे रुपये जास्त मिळणार आहेत आणि त्यासाठी सहा हजारांची प्रोटीन पावडर घ्यावी लागणार आहे. ती पावडर दिवाणाच्या पोटात जाते आणि एक्स्पायरीपर्यंत तिथेच राहते. आमच्या ओळखीत असे भरलेले दिवाण बरेच आहेत, आणि त्या घरांत मिळणाऱ्या कमिशनची स्लिप फ्रेम करून ठेवल्यासारखी सगळ्यांना दाखवली जाते. मी ऑर्डर 21 ते 25 याच दिवसांत घेते. 3बी भरून झालेलं असतं, पगारपत्रकं अजून यायची असतात. 25 नंतर कुणी मागितलं तर ‘आता पुढच्या खेपेला, काकू.’ काकू रागावत नाहीत. डबा थोडा उशिरा आला म्हणून कुणाचं कडधान्य नासत नाही.

3. डब्यात डबे विकायचे नाहीत

पनवेलकरांना मुंबईच्या नोकरीत मिळणारं एक सुख म्हणजे सकाळची लोकल इथूनच सुटते. बसायला मिळतं, आणि सीएसएमटीपर्यंत साधारण एक तास वीस मिनिटं आपली असतात. लेडीज डब्यात काय नसतं? भिशी आहे, मेथी निवडणं आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. एवढं तयार गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कॅटलॉग काढायचा मोह होतो.

मी काढत नाही. परवान्याशिवाय गाडीत विकणं हा रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 144 खाली गुन्हा आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे हा ग्रुप मला रोज लागतो. पावसाळ्यात कुर्ला-चुनाभट्टीला पाणी साचून गाडी उभी राहिली की बिस्किटाचा पुडा आणि मोबाइलचा चार्जर देणाऱ्या याच. त्यांना गिऱ्हाईक करून टाकलं तर मी बसू कुणात? तिथे मी कान उघडे ठेवते. कुणाच्या मुलाच्या दप्तरात आमटी सांडते, कुणाच्या रव्याला पोरकिडे लागतात. ज्या विचारतील त्यांना रविवारी घरी बोलावते. परतीच्या प्रवासात तेही नाही, वाशीचा पूल ओलांडेपर्यंत माझे डोळे मिटलेले असतात.

4. वर्षातले तीन आठवडे धंद्याचे, बाकीचे देवाणघेवाणीचे

टपरवेअर 1996 च्या सुमारास भारतात आलं, अ‍ॅमवेनं 1998 मध्ये इथे विक्री सुरू केली. अमेरिकेत ब्राउनी वाइज या बाईनं पन्नासच्या दशकात घरोघरी पार्ट्या भरवून डबे विकायची पद्धत रुजवली होती. चार बायका जमवायच्या, खायला द्यायचं, माल मांडायचा. आपल्याकडे त्यासाठी वेगळी पार्टी शिकवावी लागली नाही. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी बायका जमतातच, आणि वर प्रत्येकीच्या हातात एक वस्तू द्यायची असते.

वाण हा माझा खरा सीझन. डिसेंबर लागला की यादी सुरू होते. यादी म्हणजे साधी शंभर पानी वही: नाव, किती नग, बजेट, झाकणाचा रंग. रंगाचा रकाना मुद्दाम आहे. एकीला सगळे सारखे हवे असतात, कारण ‘तिला वेगळा दिला’ हे नंतर ऐकायचं नसतं. दुसरीला मिसळून हवे असतात. कुणी म्हणतं चाळीस रुपयांच्या वर नको, कुणाला गेल्या वर्षी समोरच्या विंगमध्ये वाटलं ते सोडून काहीही चालतं. ही माहिती कुठल्याही अ‍ॅपवर नसते. खारघर-कामोठ्यात दहा मिनिटांत डबा दारात येतो, तो माझ्यापेक्षा स्वस्तही असतो, पण समोरच्या विंगमध्ये काय वाटलं ते त्या डिलिव्हरीवाल्याला कुठून कळणार?

गणपतीचा हंगाम छोटा आणि घाईचा. गोव्याचा महामार्ग पनवेलहून सुरू होतो, माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या रस्त्याला लागणार असतात. निघायच्या आठवडाभर आधी घट्ट झाकणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या. त्यानंतर पितृपक्ष संपेपर्यंत शांतता. मार्चमध्ये मी वही उघडतच नाही, 31 मार्च म्हणजे काय ते अकाउंट्सवाल्यांना विचारा. गुढीपाडवा त्यामुळे दरवर्षी हातचा जातो. जाऊ दे.

5. आधी पैसे

कपाटाच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलाय. नणंद म्हणाली, ‘वहिनी, माझ्याकडून पण?’ म्हटलं, ‘कंपनी माझ्याकडून आधीच घेते ना.’ हसली, स्कॅन केलं. उधारी फक्त आमच्या कामवाल्या मावशींना. त्या दर पगाराला थोडे थोडे देतात आणि आजवर एकदाही आठवण करावी लागलेली नाही.

6. ‘घरून धंदा’ म्हणजे घरातलं कुणीतरी राबतं

मी सकाळी निघते ती रात्री आठला येते. मग माल द्यायला दुपारी घरी कोण असतं? सासूबाई. बेल त्या उघडतात, पिशवी त्या देतात, ‘झाकण सैल आहे हो’ ही तक्रारही त्याच ऐकतात. स्टेजवर बक्षीस घेणाऱ्या बायकांच्या भाषणांत नवऱ्याचा पाठिंबा येतो, मुलांचा समजूतदारपणा येतो. चार वाजताची झोप मोडून दार उघडणाऱ्या सासूचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

आईंना मी कमिशनमधला ठरावीक हिस्सा देते. आधी ‘घरातल्या घरात कसले पैसे?’ म्हणाल्या. आता वही त्याच तपासतात आणि माझी बेरीज चुकली तर चारचौघांत सांगतात. रविवारच्या मीटिंगांना मात्र मी फारशी जात नाही. मीटिंग दादरला, हार्बरवर मेगाब्लॉक, आणि तिथे ऐकायचं काय तर वेळेचं नियोजन!

7. डाउनलाइनच्या आधी नियम वाचायचे

28 डिसेंबर 2021 ला केंद्रानं ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम काढले. माणसं जोडण्यावर पैसे फिरवणारी पिरॅमिड योजना त्यांनी सरळ बंद ठरवली, आणि मनी सर्क्युलेशनवर तर 1978 पासून कायदा आहे. जॉइनिंग फी घेता येत नाही. ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय विक्रेत्याला कुणाच्या दारात जाता येत नाही. आमच्या सोसायटीचा वॉचमन हे नियम न वाचताच पाळतो.

कुणी ‘मलाही घे ना तुझ्याखाली’ म्हटलं की मी एवढंच विचारते: पुढे एकही बाई जोडली नाहीस तर नुसत्या मालावर तुला किती सुटतील, ते मांडून आण. बहुतेक जणी मांडून आणत नाहीत. आणतात त्या टिकतात.

8. कागद

कमिशनवर कंपनी टीडीएस कापते. ऑक्टोबर 2024 पासून तो 5 टक्क्यांवरून 2 टक्के झाला. कापलेली रक्कम 26एएसमध्ये उमटते, म्हणजे हे उत्पन्न आयकर खात्याला आपल्या आधी कळलेलं असतं. तरी पगारदार बायका सवयीनं रिटर्नचा ‘सहज’ फॉर्म भरून मोकळ्या होतात. कमिशन हे धंद्याचं उत्पन्न, ते ‘सहज’मध्ये बसत नाही. ठोक टक्केवारीनं नफा दाखवायची सवलतही कमिशनला लागू नाही. त्यामुळे खर्चाच्या पावत्या जपायच्या: कुरिअर, रिक्षा, सॅम्पल. आणि ऑफिसातून मिळालेलं नेमणूकपत्र एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, दुसऱ्या उद्योगाबद्दलची ओळ बहुधा तिथेच असते.

सरकारी नोकरीत तर हे आणखी कडक. माझी एक मैत्रीण बेलापूरच्या कोकण भवनात आहे. तिला माझ्याबरोबर सुरू करायचं होतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं तोड काढली: नाव नवऱ्याचं, काम माझं. त्याच नियमांत घरच्यांच्या धंद्यासाठी खटपट करण्यालाही मनाई आहे, हे वाचल्यावर तिनं कॅटलॉग परत केला. आता ती नुसती गिऱ्हाईक आहे, आणि घासाघीस मात्र तिच्याइतकी कुणी करत नाही.