दारावरची थाप

नाटक तुम्ही पाहिले असेल. पण नाटक कधी नुसते ऐकले आहे का? केवळ आवाजातून सादर होणाऱ्या नाटकाला 'श्रुतिका' किंवा 'नभोनाट्य' म्हणतात. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. रेडिओभोवती सारे घर गोळा होत असे, त्या दिवसांच्या आठवणी ते सांगतील.

मोठमोठ्या लेखकांनी रेडिओसाठी लिहिले आहे. उर्दूचे प्रसिद्ध कथाकार सआदत हसन मंटो १९४१ साली दिल्लीच्या रेडिओ केंद्रात नोकरीला लागले. तेथे त्यांनी कितीतरी नाटके लिहिली. मराठीतील रत्नाकर मतकरी यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढे ते गूढकथांसाठी प्रसिद्ध झाले.

श्रुतिकेला भीतीची कथा फार शोभते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची 'माकडाचा पंजा' ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. एक सैनिक भारतातून माकडाचा वाळलेला पंजा इंग्लंडला नेतो. एका फकिराने तो मंतरलेला असतो. पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. एक म्हातारा त्याच्याकडे दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून निरोप येतो. म्हाताऱ्याचा मुलगा यंत्रात सापडून मरण पावलेला असतो. भरपाई किती? दोनशे पौंड!

काही दिवसांनी दुःखाने वेडीपिशी झालेली आई नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला लावते, 'माझा मुलगा परत येऊ दे.' रात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते. बाप अंधारात पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा मागतो. थाप थांबते. दार उघडते, तर रस्ता रिकामा!

दाराबाहेर कोण होते? कथेत ते दिसतच नाही. रंगमंचावर मुखवटा घालून कोणी आले, तर मुले कदाचित हसतील. श्रुतिकेत मात्र फक्त थाप ऐकू येते. चेहरा ऐकणारा स्वतःच्या मनात तयार करतो. म्हणूनच त्याला जास्त भीती वाटते.

ही श्रुतिका तुम्हीही स्नेहसंमेलनात करू शकता. पडद्यामागे बसा. पातळ पत्रा हलवा, ढग गडगडतील. सुपात ज्वारी घोळवा, पाऊस पडेल. रिकाम्या माठात तोंड घालून बोला, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटेल. आपल्या हिंगोली-वसमतच्या बाजारात हळद भरपूर असते. वाळलेली हळकुंडे एकमेकांवर आपटा, हाडे खडखडल्याचा भास होईल. थाप मात्र खऱ्या लाकडावरच मारा. आधी हळू, मग जोराने. दोन थापांच्या मध्ये थोडे थांबा. ती शांतताच सर्वांत जास्त घाबरवते.

आता मनातली एक गोष्ट बोलू. तुमच्यापैकी काही जण मराठी बोलायला भितात. उर्दूत 'ळ' आणि 'ण' हे आवाज नाहीत. बोलताना चूक झाली की कोणीतरी हसते. मग मूल गप्प बसते. वर्गात, दवाखान्यात, कचेरीतही. माकडाचा पंजा गोष्टीतला आहे, पण ही भीती खरी आहे.

श्रुतिकेत आईचे एक वाक्य ठेवा : 'बाळ, थांब, दार उघडते!' येथे 'बाळ' चे 'बाल' झाले, तर आई मुलाला नव्हे, केसांना हाक मारील! हसा, आणि पुन्हा म्हणा. वीस वेळा म्हणा. जीभ टाळूकडे वळवा, 'ळ' येईल. प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागून ते वाक्य नीट उच्चारा. तेव्हा कोणी हसणार नाही. सगळे दाराकडे पाहतील.

स्वाध्याय

१. श्रुतिका म्हणजे काय?
२. दाराबाहेर कोण आहे, हे लेखकाने का दाखवले नसेल?
३. घरातील वस्तूंपासून कोणते आवाज काढता येतील? पाच आवाज लिहा.
४. मोठ्याने वाचा : बाळ, वेळ, काळोख, हळकुंड, कोण, पाणी.