मासा नव्हे, दिवस विकणारा वाटाड्या : इजाऱ्याचा एक धडा

पाण्यात असलेला मासा विकता येत नाही, हा मसला आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मशिदीत किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून तो नोंदला गेला असून त्याचे कारणही सांगितले आहे. अशा सौद्यात 'गरर' आहे, म्हणजे धोका आणि अनिश्चितता आहे. 'हिदाया'सारख्या फिकहच्या ग्रंथांत तर जाळ्याच्या एका फेकीत जे येईल ते इतक्या किमतीला, असा सौदाही नादुरुस्त म्हटला आहे. मग प्रश्न पडतो, की ज्याचा सगळा धंदाच गिऱ्हाइकाला माशापर्यंत नेण्याचा आहे, त्याने पैसे घ्यावेत तरी कशाचे? अमेरिकेच्या एका किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर रोजच्या व्यवहारात दिले जाते. आपल्या शिंपी, जरीवाले, रंगारी आणि सुतार बांधवांनी ते समजून घेण्यासारखे आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून समुद्रात लहान लहान बेटांची एक माळ गेलेली आहे. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. त्यात इस्लामोराडा नावाचे गाव या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. (नावावरून गैरसमज करून घेऊ नये. ते स्पॅनिश नाव असून त्याचा अर्थ जांभळे बेट असा होतो.) या बेटांच्या आजूबाजूला मैलोगणती उथळ पाणी आहे. कुठे गुडघाभर, कुठे मांडीभर, खाली वाळू आणि समुद्री गवत. तिकडे या उथळ पठारांना फ्लॅट्स म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की बोनफिश, परमिट, टार्पन असे मासे खेकडे आणि कोळंबी शोधत त्यावर येतात. ओहोटीला ते खोल पाण्याकडे परततात.

इथे गळ टाकून मासा धरायला, म्हणजे कोकणात ज्याला गरवणे म्हणतात त्यासाठी, शौकीन लोक दुरून येतात. पण नवख्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. बोनफिशचे खवले आरशासारखे असतात. खाली वाळू असेल तर तो वाळूसारखा दिसतो, गवत असेल तर गवतासारखा. म्हणून वाटाड्या लागतो.

वाटाड्याची होडी साधारण सोळा ते अठरा फूट लांब आणि तळाला इतकी सपाट, की फूटभर पाण्यातही चालावी. पठाराजवळ आले की तो इंजिन बंद करतो, कारण आवाजाने मासा पळतो. मग इंजिनाच्या वर बसवलेल्या लहानशा मचाणावर उभा राहून अठरा-वीस फुटांच्या काठीने तो होडी हळूहळू रेटत नेतो. गिऱ्हाईक पुढच्या टोकाला गळ घेऊन उभे. वाटाड्याची नजर पाण्यावर. मासा दिसला की तो घड्याळाच्या भाषेत सांगतो. होडीचे नाक म्हणजे बारा वाजले. 'अकरा वाजता, चाळीस फूट' असे म्हटले, की नाकाच्या थोडे डावीकडे चाळीस फुटांवर गळ पडला पाहिजे. गिऱ्हाइकाचा हात चुकला, ऊन ढगाआड गेले किंवा वारा सुटला, तर मासा गेला. आठ तास काठी रेटूनही रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस येतात, आणि ते चांगल्या वाटाड्यालाही येतात.

तरीही त्या दिवशी पैसे पूर्ण द्यावे लागतात. इथेच आपल्या कामाची गोष्ट सुरू होते.

एका माणसासाठी खासगी सफर ठरवली, तर दर माणशी नसतो, होडीचा असतो. अर्धा दिवस म्हणजे चार तास, पूर्ण दिवस म्हणजे आठ तास. अर्ध्या दिवसाला साधारण पाच-सहाशे डॉलर आणि पूर्ण दिवसाला आठशे किंवा त्याहून अधिक, असे दर तिकडे आहेत. अर्ध्या दिवसाचा दर पूर्ण दिवसाच्या निम्मा नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. कारण होडी पाण्यात उतरवणे, तेल भरणे, आमिष आणणे, भरतीची वेळ पाहून जागा ठरवणे हे सारे चार तासांसाठीही तेवढेच करावे लागते. आपल्याकडे मात्र एका ब्लाउजचे काम आणले, की गिऱ्हाईक दहांच्या हिशेबाने दर मागते आणि शिंपी बिचारा देतोही. त्याने सांगावे, की सुई-दोरा बदलायला आणि माप घ्यायला एकालाही तितकाच वेळ जातो.

आता फिकहकडे वळू. मजुरीने काम करणाऱ्याचे आपल्या फुकहांनी दोन प्रकार केले आहेत. एक 'अजीर मुश्तरक', म्हणजे सगळ्यांचे काम घेणारा. याचे उदाहरण म्हणून जुन्या ग्रंथांत रंगारी आणि कपडे धुणारा यांचीच नावे दिलेली आहेत, म्हणजे आपल्याच धंद्यातले लोक. त्याला मजुरी काम पुरे झाल्यावर मिळते. दुसरा 'अजीर खास', म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी एकाच माणसाला बांधलेला. महिनाभर चाकरीला किंवा मेंढ्या राखायला ठेवलेला माणूस हे त्याचे उदाहरण. मुदतीत त्याने स्वतःला हजर केले की तो मजुरीचा हक्कदार झाला, मग काम निघो वा न निघो.

फ्लोरिडाचा वाटाड्या त्या आठ तासांपुरता नेमका अजीर खास आहे. मासा तो विकतच नाही. आपला दिवस, होडी, नजर आणि काठी तो भाड्याने देतो. दिवस माहीत, दर माहीत, काम माहीत. मासा मिळेल की नाही हा धोका गिऱ्हाइकाचा, आणि तो आधीच स्पष्ट सांगितलेला असतो. त्यामुळे सौदा ज्या गोष्टीचा आहे तिच्यात गरर राहत नाही. मासा मिळाला तरच पैसे, असा करार वेगळा. त्याला 'जुआला' म्हणतात आणि त्याबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत. त्या खोलात इथे शिरत नाही.

वाटाड्याला मोल देणे ही आपल्या इतिहासाला नवी गोष्टही नाही. हिजरतच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित नावाच्या वाकबगार वाटाड्याला मजुरीवर ठेवले होते. तो त्या वेळी कुरैशच्याच धर्मावर होता. तरी त्याच्यावर भरवसा ठेवून दोन्ही उंटिणी त्याच्या हवाली केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी भेटण्याचे ठरले. तो ठरल्या वेळी आला आणि किनाऱ्याच्या वाटेने त्यांना घेऊन गेला. इमाम बुखारी यांनी ही हकीकत इजाऱ्याच्या प्रकरणात घेतली आहे, हे व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे. माणूस, काम, जागा, वेळ, सारे ठरलेले.

हजरत मूसा (अ.) यांचा मामलाही असाच आहे. दिव्य कुरआनच्या अल-कसस या सूरहमध्ये मजुरीवर ठेवायच्या माणसाचे दोन गुण सांगितले आहेत, सामर्थ्य आणि अमानतदारी. मुदत ठरली आठ वर्षांची. दहा केली तर ती तुमच्या मर्जीची, असे त्यांना सांगण्यात आले. फ्लोरिडात सफरीच्या शेवटी वाटाड्याला दराच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी देण्याचा रिवाज आहे. आमच्या मते ती या वरच्या दोन वर्षांसारखी समजावी. दिली तर भलाई, पण मजुरीत धरू नये. आपल्याकडे काही मालक ईदीच्या भरवशावर कारागिराची मजुरी कमी ठेवतात. ती चलाखी आहे.

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी रमजानच्या आधी ओढण्यांवर जरीकाम करून घ्यायचे होते. एका कारागिराला आम्ही सांगितले, की सोमवारपासून दोन्ही अड्डे आमच्यासाठी मोकळे ठेवा, दुसऱ्या कुणाचे काम घेऊ नका. दर नगावर ठरला. कापड रंगाईहून आले गुरुवारी. तीन दिवस त्यांचे चार माणसे बसून राहिले. त्यांनी त्या तीन दिवसांचे पैसे मागितले, तेव्हा आम्ही म्हणालो, बोलणे नगावर झाले आहे, नग झाला की पैसे. त्यांनी वाद घातला नाही. रात्री जागून काम वेळेवर दिले. ईदनंतर आम्ही पुन्हा काम घेऊन गेलो, तर ते अदबीने म्हणाले, 'शेठ, अड्ड्यावर जागा नाही.' अड्डा समोर रिकामा दिसत होता.

पुढे एका आलिम साहेबांना आम्ही हा मामला विचारला. ते म्हणाले, दर नगावर ठेवलात पण माणूस दिवसावर बांधलात. दोन्हीतला फायदा तुम्ही घेतला आणि दोन्हीतले नुकसान त्याला दिले. आम्ही त्या तीन दिवसांचे पैसे मुलाच्या हाती पाठवले. त्यांनी ते मोजून घेतले, सलाम सांगितला. आमचे काम मात्र पुन्हा घेतले नाही.

वाटाड्याच्या धंद्यात हा घोळ होत नाही, कारण तारीख धरतानाच इसार, म्हणजे बयाणा घेतला जातो. वादळ किंवा जोराचा वारा असेल तर सफर रद्द करण्याचा निर्णय वाटाड्याचा, आणि मग बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात किंवा दुसरी तारीख मिळते. गिऱ्हाइकानेच ऐनवेळी रद्द केले तर इसार जातो. या शेवटच्या गोष्टीबाबत आपल्याला सावध राहिले पाहिजे. सौदा मोडल्यावर बयाणा ठेवून घेणे हनफी, शाफई आणि मालिकी फुकहांना मान्य नाही. इमाम अहमद (रह.) यांनी परवानगी दिली आहे. जिद्दाच्या इस्लामिक फिकह अकादमीने १९९३ मध्ये ब्रुनेईच्या बैठकीत मुदत ठरलेली असेल तर तो जाइज ठरवला. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारण्याची वेळ पैसे अडकल्यावरची नव्हे, पावती फाडण्याआधीची.

आणखी एक गोष्ट. भाड्याने गिऱ्हाईक नेणाऱ्याला तिकडे कोस्ट गार्डचा परवाना लागतो. सहा उतारूंपर्यंतच्या साध्या परवान्यालाही पाण्यावरच्या ३६० दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो. गिऱ्हाइकाला वेगळा मासेमारी परवाना काढावा लागत नाही, वाटाड्याच्या परवान्यात तो येतो. म्हणजे दर मोठा दिसतो, पण त्यात काय काय आले हे सांगता येते. आपल्या कारागिराला दर विचारला तर तो आकडा सांगून गप्प बसतो.

या शौकाची आम्ही शिफारस करत नाही, हेही सांगून टाकतो. फ्लोरिडात २०१३ पासून बोनफिश धरला तरी सोडूनच द्यावा लागतो. जीव असलेल्या प्राण्याला निव्वळ गमतीसाठी त्रास देणे आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. तिकडचे समंजस वाटाडे काट्याचे उलटे टोक दाबून टाकतात, मासा पाण्याबाहेर काढत नाहीत आणि हात ओले करूनच त्याला धरतात. एवढे मात्र खरे, की मासा जिवंत राहिला तरच त्यांचे उद्याचे काम राहते, हे त्यांना कळलेले आहे. त्याच २०१३ सालच्या एका अभ्यासात, जो बोनफिश अँड टार्पन ट्रस्ट या संस्थेने पुढे आणला, कीजमधल्या या धंद्याची वर्षाची आर्थिक उलाढाल ४६ कोटी ५० लाख डॉलर सांगितली आहे. आणि त्यात बोनफिशच्या विक्रीचा एक डॉलरही नाही.

आम्ही आता कामाच्या चिठ्ठीवर नगाच्या दराखाली एक ओळ लिहितो : कापड ठरल्या दिवशी न आल्यास अड्ड्यामागे रोज इतके रुपये. तो आकडा आम्ही दोन कारागीर मित्रांना सांगायला लावला. आम्ही ठरवला असता तर कमीच ठरवला असता.