श्रावणात सोडा, पोळ्याला कोरा

माझा भाचा मे अखेरीला जिल्हा परिषदेतून निवृत्त झाला आणि 1 जूनपासून त्याने दाढी करणं सोडलं. पंधरा दिवसांनी धुळ्याला देवपुरात माझ्याकडे आला, तर गल्लीतल्या म्हातारीने ओट्यावरूनच हाक मारली, "कोन गया रे भाऊ?" बिचारा गोंधळला. कोणीच गेलेलं नव्हतं. पण आपल्याकडे खुंट वाढलेला म्हातारा दिसला की लोकांच्या मनात आधी सुतक येतं, मग दवाखाना, मग सुनेशी भांडण. हौस म्हणून कोणी दाढी ठेवली असेल, हे सगळ्यात शेवटी सुचतं.

आत येऊन तो म्हणाला, "मामा, तेहतीस वर्षं रोज सकाळी गाल घासले. आता कटकट नको. तुमच्यासारखी ठेवून टाकतो."

माझी दाढी बारा वर्षांची आहे. त्या हक्काने त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. कटकट नको म्हणून दाढी ठेवायची असेल तर ठेवू नका. रोज सात मिनिटं वाचतात, म्हणजे आठवड्याला एकोणपन्नास. आणि ती नीट राखायला आठवड्याला तास लागतो. हा तोट्यातला व्यवहार आहे आणि तो आवडत असेल तरच करायचा. नुसती वाढू दिलेली दाढी म्हाताऱ्याला आजारी दाखवते. राखलेली असेल तर तोच माणूस भारदस्त दिसतो. फरक लांबीचा नसतो, काठाचा असतो. काठाकडे नंतर येतो.

भाच्याची पहिली चूक मुहूर्ताची. धुळ्यात जूनचा पूर्वार्ध म्हणजे मे महिन्याचीच शेपटी. पाऊस आलेला नसतो, गळ्याच्या वळ्यांत घाम साचतो आणि नव्या खुंटांखाली घामोळं उठतं. तिसऱ्या आठवड्यात माणूस वैतागून वस्तरा हातात घेतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या दाढ्या अशाच उन्हाळ्यात मेल्या. म्हणून माझा नियम : श्रावणाच्या पहिल्या दिवशी वस्तरा ठेवून द्यायचा. हवा ओली आणि थंड असते. शिवाय श्रावणात कितीतरी पुरुष दाढी करत नाहीत, त्यामुळे कोणी काही विचारत नाही. दाढी दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलीमीटर वाढते. म्हणजे महिनाभरात एक सेंटीमीटर किंवा थोडी जास्त. श्रावण संपतो पोळ्याच्या अमावस्येला. तोवर चेहऱ्यावर कोरण्याइतका माल आलेला असतो. बैलांची शिंगं साळायची, रंगवायची, झुली चढवायच्या, त्याच सुमाराला आपणही पहिल्यांदा कोरून घ्यायची. बायको म्हणेल, दोघांचं एकदमच उरकलं. म्हणू द्या.

मधले दिवस कठीण असतात. पाचव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत खुंट टोचतात, आपल्याला कमी आणि नातवंडांना जास्त. माझी नात तेव्हा तीन वर्षांची होती. गालाला गाल लावला की "आबा, काटे!" म्हणून पळायची. त्या दिवसांत खाजवू नका. रोज आंघोळीत दाढीची मुळं बोटांनी धुवा, टिपून कोरडी करा आणि दोन थेंब खोबरेल तेल बोटांच्या टोकांनी कातडीला चोळा. केसांना नव्हे, कातडीला. वय वाढलं की कातडीतलं तेल कमी होतं, म्हणून म्हाताऱ्याची दाढी तरण्यापेक्षा राठ आणि कोरडी लागते. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही आणि आलेला धुऊन निघत नाही. तेव्हा अंगाचा साबण दाढीला रोज लावू नका. आठवड्यातून दोनदा शाम्पू, एरवी नुसतं पाणी. आणि एक खास खानदेशी अडचण : खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. पौष-माघात इथे पहाटेचा पारा दहाच्याही खाली उतरतो, बाटली दगडासारखी होते. ती गच्चीवर उन्हात ठेवा. गॅसवर धरायला जाऊ नका. मी एकदा धरली होती. बाटली प्लास्टिकची होती.

आता काठ. शेताचा बांध कोरणारा शेजारी म्हणजे गावातला सगळ्यात नालायक माणूस. दाढीत मात्र बांध कोरणं हेच पुण्य. गळ्यावर कंठमणी हाताला लागतो. त्याच्या वर दोन बोटं ठेवा, तिथून दोन्ही कानांच्या मागच्या बाजूकडे हलकी वर चढणारी रेघ धरा. त्या रेघेखालचं सगळं काढून टाकायचं, दर तीन दिवसांनी. गळ्यावरचे केस सोडले की माणूस दवाखान्यातून सुटून आल्यासारखा दिसतो. पुष्कळ जण उलटं करतात, रेघ थेट जबड्याच्या हाडावर आणून ठेवतात. मग बोलताना हनुवटीखालची लोंबती कातडी उघडी पडते. या वयात ती सगळ्यांनाच असते. दाढीने ती झाकायची असते, दाखवायची नसते. गालावरची वरची कड जिथे निसर्गाने दिली तिथेच असू द्या. फक्त डोळ्यांकडे चढलेले चुकार केस काढा. आणि गालावर नांग्या पडल्या असतील तर त्या कपाशीसारख्या भरता येत नाहीत. तिथे भोवतालची दाढी आखूड ठेवायची, म्हणजे उघडी जागा कमी दिसते.

कोरताना तीन गोष्टी. पहिली, कवळी असेल तर ती तोंडात घालून बसा. माझ्या एका मित्राने कवळी काढून ठेवून दाढी कोरून घेतली. घरी येऊन दात बसवले तर एक बाजू खाली आणि एक वर. दात गेले की गाल आत बसतात, हनुवटी पुढे येते, सगळा चेहराच वेगळा होतो. दुसरी, केस कोरडे असताना कापा. ओला केस लांब दिसतो, वाळला की आखडतो आणि मग कळतं की जास्त गेलं. तिसरी, खुर्चीवर बसा आणि उजेड खिडकीतून समोरून येऊ द्या. ट्रिमर असेल तर मोठ्या कंगव्याने सुरुवात करा, 10 मिलीमीटर, मग 8, मग 6. एकदम 3 लावणारे दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊनच बाहेर पडतात. गाल आखूड, हनुवटी थोडी लांब, हे म्हाताऱ्या चेहऱ्याचं माप. कानाला यंत्र असेल तर आधी काढून ठेवा, बारीक केस त्यात शिरतात.

किती लांब ठेवायची याचे दोन नमुने आपल्यासमोर आहेत. एक विनोबा. याच धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जूनपर्यंत अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढे 1951 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, भूदानासाठी ते पायी निघाले. त्या वाटेवरच्या छायाचित्रांत त्यांची मोकळी, पांढरी, वाऱ्यावर सोडलेली दाढी आहे. दुसरे महर्षी कर्वे, 1858 चा जन्म, 1962 ला गेले, शंभरी पार केलेला माणूस. त्यांची दाढी आखूड. मला विचाराल तर तुम्ही-आम्ही कर्व्यांकडे बघावं. विनोबांची दाढी शोभते, कारण तिच्यामागे हजारो मैल चाललेला माणूस आहे. पेन्शन घेऊन पारावर बसणाऱ्याच्या तोंडावर तीच दाढी नुसती आळशी दिसते. हे कडू आहे, पण माझ्याच बाबतीत घडलंय. पहिलं वर्षभर मी विनोबा होतो. बायकोने एक दिवस मोठा आरसा आणून समोर ठेवला, तोंडातून शब्द काढला नाही.

मिशीचं प्रकरण आपल्या जेवणाशी जोडलेलं आहे. शेवभाजीची तर्री पांढऱ्या मिशीवर एकदा बसली की नारिंगी डाग दोन दिवस हलत नाही. आखाजीला आमरस-पुरणपोळी, हिवाळ्यात भरीत, सगळ्याची हजेरी मिशीवर लागते. वरच्या ओठाची कड पूर्ण दिसेल इतकी मिशी कापत राहा, दर चार दिवसांनी, बारीक कातरीने, फणीवर केस धरून. ताक पिताना वाटीला तोंड लावण्यापेक्षा पेला बरा. बिडी ओढत असाल तर पांढरी मिशी मधोमध पिवळी पडते आणि ती कुठल्याही शाम्पूने जात नाही. बिडी सोडली तरच नवा केस पांढरा येतो.

लोक विचारतात, डोक्यावर एक केस नाही आणि हनुवटीवर एवढे कसे? दोन्हीमागे एकच संप्रेरक आहे, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. डोक्यावरच्या मुळांना ते बारीक करत नेतं, दाढीच्या मुळांना पोसतं. एकाच विहिरीचं पाणी, एका वाफ्याला मानवतं, दुसऱ्याला नाही.

रंगाच्या भानगडीत पडू नका. काळ्या कलपांत आणि 'काळी मेहंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पॅराफिनिलीनडायमिन नावाचं रसायन असतं. ज्याला ते सोसत नाही त्याचा चेहरा सुजतो, डोळे मिटतात, पाणी सुटतं. वर्षानुवर्षं सोसलेलं एखाद्या दिवशी अचानक सोसेनासं होतं, हे जास्त वाईट. लावायचाच हट्ट असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा. एवढं करून दहा दिवसांत खालून पांढरे कोंब निघतातच. फुटलेल्या बोंडाला कोणी काळं करत नाही.

आता थोडं दवाखान्याचं, कारण या वयात ते टळत नाही. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर वस्तऱ्याचा बारीक ओरखडाही बराच वेळ वाहतो. हात कापत असेल तर आणखीच. दाढी ठेवायचं हे एकच कारण मला पूर्ण पटतं : वस्तरा फक्त गळ्यावर लागतो, तेही दर तीन दिवसांनी. कापलंच तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका, मग तुरटी फिरवा. ती तुरटी तुमची घरची हवी. सलूनमधला सगळ्या गावाच्या गालांवर फिरलेला खडा नको. खुर्चीवर बसलात की नवं ब्लेड डोळ्यांसमोर कागदातून काढायला लावा. कावीळ ब आणि क रक्तातून पसरतात आणि जुन्या ब्लेडवर रक्त दिसावं लागत नाही. कारागीर ओळखीचा आहे म्हणून संकोच करतो आपण. त्याने लाजायचं काही नाही, आपणही नाही.

दाढीत गोल, खाजणारा, कडेने लाल चट्टा उठला तर तो गजकर्ण असू शकतो, आणि मधुमेह असेल तर तो हट्टी असतो. मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली ट्यूब आणून चोळू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते, चट्टा आत पसरतो. आणखी एक, हे मी सगळ्यांना कान धरून सांगतो. आपल्याकडे तंबाखू-चुना मळणारे हात फार. दाढीआड गालाची सूज झाकली जाते, घरच्यांना दिसत नाही. महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड पूर्ण उघडा, जीभ वर करून बघा, गालाच्या आत बोट फिरवा. पांढरा किंवा लाल डाग, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसणं, यातलं काही असलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि कधी ऑक्सिजनचा मास्क लावायची वेळ आली, तो दाढीमुळे नीट बसत नाही म्हणून नर्स दाढी काढायला म्हणाली, तर हुज्जत घालू नका. महिन्याला सेंटीमीटर, हिशेब वर दिलाच आहे.

एक कागदोपत्री गोष्ट राहिली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो, त्या वर्षी दाढी नवी होती. खिडकीतल्या मुलीने पासबुकावरचा गुळगुळीत फोटो बघितला, मला बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "आजोबा, ज्यांचा दाखला आहे ते आले नाहीत का?" बोटाचा ठसा जुळला म्हणून मी जिवंत ठरलो. दाढी स्थिरावली की नवे फोटो काढून घ्या आणि बँकेत एक देऊन ठेवा.

भाच्याने ती जूनची दाढी उतरवली, गल्लीतल्या म्हातारीला बरं वाटलं. आता तो श्रावणाची वाट बघतोय. तुम्हीही बघत असाल तर एवढंच : आमच्याकडे सलून सोमवारी बंद असतं. पोळा सोमवारी आला तर रविवारीच जाऊन या.