लार्ड म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : इंग्रजी पाककृतींमध्ये ‘लार्ड’ हा शब्द दिसतो. आमच्याकडे सोरपोतेल करताना डुकराच्या मांसाला जे तेल सुटतं, तेच का हे? आणि ‘लॉर्ड’शी या शब्दाचं काही नातं आहे का?
— एक वाचक, उत्तन (भाईंदर)

उत्तर : हो, मुळात तेच. फरक इतकाच, की लार्डसाठी डुकराची नुसती चरबी वेगळी काढतात. तिचे बारीक तुकडे थोड्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचे. पाणी आटतं, चरबी वितळते; गाळून थंड केली की पांढरीशुभ्र, मऊ होऊन थिजते. मूत्रपिंडाभोवतीची चरबी यासाठी सर्वांत उत्तम.

शब्द मूळचा लॅटिन, ‘लार्डुम’. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. गंमत अशी, की आजच्या फ्रेंचमध्ये ‘लार’ म्हणजे चरबीचा थर किंवा खारवलेलं मांस; वितळवलेल्या चरबीला तिथे ‘सँदू’ म्हणतात. इटलीतला ‘लार्दो’ही खारवलेली पाठीची चरबीच. इंग्रजीतलं ‘लार्डर’, म्हणजे अन्नाची कोठी, याच शब्दापासून आलं. तिथे पूर्वी खारवलेलं मांस साठवत. तुमचं सोरपोतेल मात्र पोर्तुगीज ‘सारापातेल’वरून आलं आहे, त्या भाषेत लार्डला ‘बान्या’ म्हणतात.

‘लॉर्ड’शी काहीही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतला, ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाचा शब्द.

परदेशी बिस्किटांच्या वेष्टनावर ‘लार्ड’ दिसलं, तर ती डुकराचीच चरबी समजा. शाकाहारी मंडळींनी आणि ज्यांना डुकराचं मांस वर्ज्य आहे त्यांनी घटकांची यादी जरूर वाचावी.