जुन्या जीपचे स्टिअरिंग : आधी झीज शोधा, मग अलाइनमेंट



गेल्या पावसाळ्यात इंद्रवेल्लीकडून एका अडलेल्या बाईला आदिलाबादच्या रिम्स इस्पितळात नेत होतो. एका खड्ड्यातून चाक गेले आणि आमच्या जुन्या जीपचे स्टिअरिंग असे थरथरू लागले की दोन्ही हातांनी धरवेना. गाडी जवळजवळ थांबली तेव्हा कुठे थरथर थांबली. उरलेला रस्ता वीस-पंचवीसच्या वेगाने काटावा लागला, आणि मागे बसलेली तिची सासू एकसारखी "फादर, जरा लवकर" म्हणत होती. बाई व बाळ दोघे सुखरूप आहेत. परंतु महिनाभरापूर्वीच आम्ही पैसे मोजून अलाइनमेंट करून घेतली होती. मिस्त्रीला आम्ही तेवढेच सांगितले, त्याने तेवढेच केले. टाय रॉडच्या टोकाचा गोळा झिजून सैल झाला होता, तो आम्हीही पाहिला नाही. सैल सांध्यावर घेतलेले माप पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

आपल्याकडे कापूस, खताच्या गोण्या आणि आजारी माणूस अजूनही अशाच जीपमधून जातो. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने विलिसच्या नमुन्यावर या जीपा बनवल्या. पुढे सरळ लोखंडी आक्सल, त्याखाली-वर पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि चाके वळवणाऱ्या दांड्या उघड्या. सगळे डोळ्यांसमोर असल्यामुळे घरच्या घरी तपासता येते, हा या गाडीचा मोठा गुण. उघडे असल्यामुळेच काळ्या मातीचा चिखल सांध्यात शिरतो, हा दोष.

तपासणीला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर हात ठेवावा : स्टिअरिंग बॉक्सचा ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, जुन्या सीजे-३बीला असते ती मधली बेलक्रँक, मग टाय रॉडची टोके. सांध्याची एक बाजू हलली व दुसरी मागाहून हलली, तर तोच सांधा झिजला आहे. बॉक्स गाडीला घट्ट बसला आहे का, तेही पाहावे. झीज सापडण्याआधीच पुष्कळ जण बॉक्सचा स्क्रू आवळतात. त्याने खेळ कमी वाटतो, पण आतले दात खराब होतात.

मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचे आक्सल जॅकने उचलावे व खाली ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबून कोणी खाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंग पिनचे बेअरिंग पाहावे लागेल, आणि ते काम मिस्त्रीचे. पाट्यांचे यू-बोल्ट व शॅकलचे बुशही याच वेळी पाहावेत.

टाय रॉडचे टोक मात्र आपल्याला बदलता येते. स्प्लिट पिन काढून नट सोडावा, आणि ज्या आर्ममध्ये खुंट बसतो त्याच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी हातोडे मारावेत. खुंटाच्या आट्यांवर मारू नये. पुलर मिळाला तर उत्तमच. जुने टोक उघडताना किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, नवे तितकेच फेरे आत घाला. दांडीच्या एका टोकाला उलटे आटे असतात हे विसरलात तर अर्धा दिवस जाईल, आमचा गेला. नट आवळून भोक जुळले नाही तर आणखी आवळून जुळवावा, सैल करून कधीच नाही. पिन दर वेळी नवी. वाकलेली दांडी तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे अजिबात नको, मग दुकानदार काहीही म्हणो.

आता माप. चाके उचललेली असतानाच टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढा व चाक फिरवत खिळ्याने त्यावर बारीक रेघ मारा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, म्हणजे पाटे बसतील. चाके सरळ ठेवा. आक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूने दोन्ही रेघांवर खूण करून अंतर मोजा. मग गाडी पुढे ढकला, त्याच खुणा मागे त्याच उंचीला आल्या की पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १ ते २ मिलिमीटर कमी असावे; यालाच टो-इन म्हणतात. फरक जास्त असेल तर क्लॅम्प सैल करून दांडी फिरवावी. बेलक्रँकच्या गाडीत दोन दांड्या असतात. दोन्ही सारख्याच फिरवाव्यात, नाहीतर सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे दिसते. चाकाचा वरचा कल दांडीने बदलत नाही. तो बिघडला असेल तर आक्सल वाकला आहे किंवा किंग पिन गेली आहे.

क्लॅम्प आवळून, ग्रीस भरून, रिकाम्या रस्त्यावर आधी वीसच्या व मग चाळीसच्या वेगाने चालवून पाहावे. दोनशे किलोमीटरनंतर नट व यू-बोल्ट पुन्हा बघावेत. नाल्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात ग्रीस द्यावे, आणि फाटलेली रबरी टोपी तेव्हाच बदलावी.

ग्रीस गन व पुलर मिशनच्या शेडमध्ये ठेवले आहेत. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे व पुसून परत आणावेत.