पेशीविज्ञानाचा अभ्यास कसा करावा?



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही सुरू केली, हे आपण विसरता कामा नये. आज मंगरूळपीर परिसरातील आपली मुले-मुली बी.एस्सी.ला जातात. परंतु पेशीविज्ञान व रेणवीय जीवशास्त्र हा विषय आला की अनेकांचा धीर सुटतो. शाळा मराठी माध्यमाची आणि पुढे परिभाषा सारी इंग्रजी. मग घोकंपट्टी सुरू होते. आमच्या मते, आपल्या जीवनातील एखादा प्रश्न हाती धरून हा विषय समजून घ्यावा.

असा प्रश्न आपल्या दाराशीच आहे, तो म्हणजे सिकलसेल. विदर्भात अनुसूचित जाती-जमातींमध्ये हा आजार आढळतो. त्याचे मूळ पाहू. डीएनएतील जनुकाची नक्कल केंद्रकात आरएनएच्या रूपाने तयार होते. ती रायबोसोमवर वाचली जाऊन अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे प्रथिन, बनते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. जनुकात जीएजीऐवजी जीटीजी झाले की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू कमी पडताच असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी होते. एका अक्षराचा हा फरक समजला की जनुक, प्रथिन व पेशी ही तिन्ही प्रकरणे एका धाग्यात येतात.

अभ्यासाची पद्धत अशी ठेवावी :

१) तासाला शिकविलेले त्याच दिवशी वाचावे. नंतर पुस्तक मिटून आकृती आठवणीने काढावी, चुकलेले दुरुस्त करावे.

२) वहीत दोन रकाने करून इंग्रजी संज्ञा व तिचा मराठी अर्थ लिहावा.

३) 'का?' असे विचारावे. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, मग हिमोग्लोबिन कोठे बनते? उत्तर अस्थिमज्जेतील अपक्व पेशींत सापडेल. तथागतांनीही ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून स्वीकारू नका, असेच कालामांना सांगितले.

४) दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने उजळणी करावी. मागील प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात.

५) रविवारी विहारात वंदनेनंतर एकाने शिकवावे, इतरांनी शंका विचाराव्यात. जे दुसऱ्याला सांगता येत नाही, ते आपल्याला आलेले नसते.

हे ज्ञान गुणपत्रिकेपुरते ठेवू नका. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी दिसते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी आवश्यक आहे. यात कमीपणा कसला? जनुकाला जात नसते. शिकलेल्या मुला-मुलींनी हे घरोघरी समजावून सांगावे, हीच समाजाची त्यांच्याकडून अपेक्षा आहे.